मिक्सरची उजवी बाजू : आउटपुट, मॉनिटर आणि इफेक्ट्स शिकताना

आमच्या हौशी गायनसमूहाच्या वार्षिक कार्यक्रमाचा ध्वनी सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मिक्सर, म्हणजे माइकांचे आणि वाद्यांचे आवाज एकत्र मिसळणारे यंत्र, मला अगदीच अनोळखी नव्हता. माइक कुठे जोडायचा, गेन (माइकच्या सिग्नलची सुरुवातीची वाढ) किती ठेवायचा, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) केव्हा वर न्यायचा, एवढे तालमींमध्ये इतरांच्या हाताखाली काम करताना अंगवळणी पडले होते. धास्ती होती ती मिक्सरच्या उजव्या बाजूची. डावीकडचे चॅनेल कितीही भरगच्च दिसले तरी त्यातली एक उभी पट्टी समजली की बाकीच्या सगळ्या समजतात, कारण त्या बहुतेक एकसारख्याच असतात. उजवीकडे मात्र प्रत्येक नॉब एकदाच येतो आणि त्याचा परिणाम एका माइकवर न होता संपूर्ण सभागृहावर, रंगमंचावर किंवा आपल्या स्वतःच्या कानांवर होतो. मेन आउट, ग्रुप, ऑक्स मास्टर, कंट्रोल रूम, सोलो, इफेक्ट्स रिटर्न ही नावे वाचून ज्यांचा हात मागे सरतो, त्यांच्यासाठी हा अनुभव जसा घडला तसा लिहीत आहे.

कार्यक्रम नोव्हेंबरच्या अखेरीस ठरला होता आणि सभागृहाच्या कार्यालयात आमचा अर्ज ऑगस्टच्या अखेरीस गेला. अर्जासोबत तीन कागद मागितले होते : कोणत्या चॅनेलवर कोणता माइक किंवा कोणते वाद्य येणार याची यादी, रंगमंचावर कोण कुठे उभे राहणार याचा आराखडा आणि ध्वनियंत्रणा हाताळणाऱ्या व्यक्तीची माहिती. सभागृहाचा कर्मचारी नसलेल्या व्यक्तीने मिक्सर हाताळायचा असेल, तर तेथील तंत्रज्ञांनी आधी यंत्रणेची ओळख करून द्यायची आणि त्यांची सही झाल्यावरच परवानगी मिळायची, अशी अट होती. भाड्याखेरीज यंत्रणेसाठी वेगळी अनामत रक्कमही भरायची होती. यादीच्या नमुन्यात एक रकाना मला विशेष उपयोगी वाटला : या कलाकाराला मॉनिटरमध्ये (कलाकारांनाच ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) काय ऐकू यायला हवे? त्या रकान्यामुळे मी प्रत्येक गायकाला आणि वादकाला स्वतंत्रपणे विचारले, आणि सगळ्यांना सगळेच ऐकायचे नसते, हे तेव्हा कळले. कीबोर्डवादकाला मुख्य गायिकेचा आवाज आणि ठेका पुरेसा होता. समूहगायकांना स्वतःच्या आवाजापेक्षा कीबोर्डचा सूर हवा होता. तुमच्या अर्जात असा रकाना नसला तरी तो कागदावर स्वतः आखून घ्यावा.

उत्तर यायला महिन्याहून अधिक काळ लागला. त्या काळात मी सभागृहातल्या मिक्सरची माहितीपुस्तिका मिळवली आणि तिच्या शेवटच्या पानांवरचा ब्लॉक डायग्राम वाचायला घेतला. ती आकृती म्हणजे माइकच्या पिनेपासून स्पीकरच्या पिनेपर्यंत आवाजाचा सिग्नल कोणकोणत्या टप्प्यांतून जातो याचा नकाशा असतो. पहिल्या नजरेला रेषांचे जाळे दिसते; परंतु रंगीत पेन्सिलींनी एकेक वाट गिरवत गेल्यावर माझ्या लक्षात आले, की उजव्या बाजूच्या कोणत्याही नॉबला दोनच प्रश्न विचारायचे असतात. सिग्नल कुठून उचलला आहे, म्हणजे चॅनेलच्या फेडरच्या आधी की नंतर? आणि तो कोणत्या पिनेतून बाहेर पडतो? यानंतर जे काही शिकले ते सगळे याच दोन प्रश्नांच्या आधाराने शिकले, आणि म्हणून या नकाशावर खर्च केलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ऑक्टोबरमध्ये अर्जाला होकार आला आणि ओळखीची पहिली संध्याकाळ ठरली. तंत्रज्ञांनी मला सुरुवातीला मिक्सरच्या पुढे उभेच केले नाही. ते मागच्या बाजूला घेऊन गेले. एकेका पिनेवर बोट ठेवून ही केबल कुठे जाते, ते त्यांनी प्रत्यक्ष केबलच्या मागे चालत जाऊन दाखवले. डाव्या-उजव्या मेन आउटच्या एक्सएलआर पिना मुख्य स्पीकरकडे, ऑक्सच्या (मेनपासून स्वतंत्र मिश्रण बाहेर काढणाऱ्या वाटांच्या) जॅक पिना रंगमंचावरच्या वेजकडे, म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या तिरक्या मॉनिटर स्पीकरकडे, मोनो आउट सभागृहाच्या मागच्या भागातल्या स्पीकरच्या जोडीकडे, आणि कंट्रोल रूम आउट मिक्सरजवळच्या छोट्या स्पीकरकडे. ऑक्सच्या पिनांना तीन भागांचा, म्हणजे स्टिरिओ दिसणारा जॅक लावायचा, कारण तिथे सिग्नल बॅलन्स्ड आहे आणि लांब केबलमध्ये शिरणारी गुणगुण त्यामुळे बरीचशी आपोआप रद्द होते, हेही तेव्हाच समजले. सुरू करण्याचा क्रम त्यांनी पाठ करून घेतला : आधी मिक्सर आणि इतर उपकरणे, सगळ्यात शेवटी स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर, बंद करताना नेमके उलट. हा क्रम चुकला तर मिक्सर सुरू किंवा बंद होतानाचा धक्का थेट स्पीकरला बसतो. कंडेन्सर माइकसाठी लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा चालू-बंद करतानाही ते चॅनेल आधी म्यूट करायचे, कारण तिथेही तसाच ठोका ऐकू येतो.

त्यानंतर आला लेव्हलचा विषय. मेन फेडरशेजारच्या मीटरवरचे शून्य म्हणजे शांतता नव्हे. ती कामाची नेहमीची पातळी असते. सभागृहातल्या मिक्सरवर मीटरचे शून्य म्हणजे आउटपुटला +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. काही मिक्सरवर ते ० डीबीयू, म्हणजे ०.७७५ व्होल्टला जुळवलेले असते, म्हणून आपल्या मिक्सरची पुस्तिका पाहणे भाग आहे. फेडरच्या पट्टीवरचे शून्य ही आणखी वेगळी गोष्ट आहे : तिथे फेडर सिग्नल वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. मला शिकवलेली पद्धत अशी होती, की स्पीकरचे स्वतःचे लेव्हल पूर्ण खाली ठेवून मिक्सरवर एक ओळखीचे, ध्वनिमुद्रित संगीत लावायचे, मेन फेडर शून्यावर आणि मीटरही शून्याच्या आसपास आणायचे, आणि मग सभागृहाला हवा तेवढा आवाज येईपर्यंत स्पीकरचे लेव्हल वाढवायचे. असे केल्याने मेन फेडर त्याच्या सर्वांत नाजूक हालचालीच्या जागी राहतो. फेडरच्या वरच्या भागात बोटभर हालचालीने थोडेच डेसिबल बदलतात, तर तळाजवळ तेवढ्याच हालचालीने आवाज एकदम कोसळतो किंवा उसळतो. स्पीकर आधीच पूर्ण उघडे ठेवले तर मेन फेडर नेमका त्या तळाजवळच्या भागात अडकून बसतो आणि मिक्सरचा स्वतःचा सूक्ष्म खरखराटही सगळ्यांना ऐकू येतो. उलट स्पीकर फारच खाली असतील, तर आवाज मिळवण्यासाठी मिक्सर रेटावा लागतो आणि क्लिपचा लाल दिवा लागून आवाज फाटतो.

मागच्या स्पीकरच्या जोडीने मला बरेच शिकवले. मोनो आउटचा नॉब वेगळा होता, परंतु नकाशात पाहिले तर त्याची वाट मेन फेडरच्या नंतर निघत होती, म्हणजे मेन फेडर खाली केला की मागचा आवाजही आपोआप खाली जाणार. हे सोयीचे होते. प्रश्न होता वेळेचा. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे पुढच्या स्पीकरचा आवाज १७ मीटर मागे पोहोचायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात, तर मागच्या स्पीकरचा आवाज तिथे लगेच पोहोचतो, आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. त्या स्पीकरच्या प्रोसेसरमध्ये तेवढा उशीर आधीच भरलेला होता आणि त्यावर आणखी थोडा, म्हणजे पुढचा आवाज कानावर आधी पडेल आणि गाणे मंचावरूनच येत आहे असे वाटेल. मी शेवटच्या रांगेत बसून तो उशीर चालू-बंद करून ऐकला. ज्यांच्या सभागृहात मागे स्पीकर आहेत त्यांनी ही गोष्ट चाचणीच्या दिवशी नक्की विचारून घ्यावी.

पॅनच्या, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये कसा वाटायचा याच्या, बाबतीत मी फार सावध राहिले. घरी हेडफोनवर गिटार डावीकडे आणि कीबोर्ड उजवीकडे छान वाटतात, पण सभागृहात उजव्या कडेला बसलेल्या श्रोत्याला डाव्या स्पीकरमधले वाद्य जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाज आणि ठेका मध्यभागी, बाकीची वाद्ये थोडीशी बाजूला, एवढेच ठेवले. ग्रुपचा उपयोग मात्र मनापासून पटला : समूहगायकांचे सगळे माइक एका ग्रुपमध्ये घेतले की त्यांचा आपसातला समतोल न बिघडता एकाच फेडरने पूर्ण समूह पुढे-मागे करता येतो. त्यासाठी प्रत्येक चॅनेलवर ग्रुपचे बटण दाबायचे आणि थेट मेनचे बटण सोडायचे. दोन्ही दाबलेली राहिली तर आवाज दोन वाटांनी मेनमध्ये पोहोचतो आणि ग्रुपचा फेडर पूर्ण खाली आणूनही समूह बंद होत नाही.

पुढच्या संध्याकाळी मॉनिटरिंग घेतले. या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात, आणि ती मनात वेगळी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिले काम म्हणजे मिक्सरवर बसलेल्या माणसाने ऐकणे. त्यासाठी हेडफोन आणि कंट्रोल रूम यांचे नॉब असतात. हे नॉब कितीही फिरवले तरी प्रेक्षकांपर्यंत काहीच पोहोचत नाही, ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटली. शिकण्याची सुरुवात तिथूनच करावी असे मी प्रत्येकाला सांगेन. एरवी हेडफोनमध्ये मेन मिक्स ऐकू येते. एखाद्या चॅनेलचे पीएफएल (प्री-फेडर लिसन) बटण दाबले, की मेन मिक्सच्या जागी फक्त त्या चॅनेलचा आवाज येतो, आणि तोही फेडरच्या आधी उचललेला. म्हणजे फेडर पूर्ण खाली असतानाही पुढच्या गायिकेचा माइक सुरू आहे का, त्यात कपड्याची घासाघीस येते का, गिटारच्या केबलमध्ये गुणगुण आहे का, हे प्रेक्षकांना काही कळू न देता तपासता येते. गेन लावायचा तोही पीएफएल दाबूनच, कारण तेव्हा मीटर त्या एकट्या चॅनेलची पातळी दाखवतो. एएफएल (आफ्टर-फेडर लिसन) फेडरनंतरचा सिग्नल ऐकवते आणि त्यात पॅनही कळतो, त्यामुळे ग्रुप किंवा इफेक्ट्सचा रिटर्न ऐकायला ते बरे.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. हेडफोनमध्ये अचानक एकच वाद्य येऊ लागले, तर आधी सोलोचा (पीएफएल आणि एएफएल यांचे सामाईक नाव) लुकलुकणारा दिवा पाहावा. बहुतेक वेळा एखादे बटण दाबलेले राहिलेले असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काही मिक्सरवर सोलोची अशी एक पद्धत असते, जिच्यात सोलो दाबताच बाकीची सगळी चॅनेल मेनमधूनही बंद होतात. ती स्टुडिओतल्या मिश्रणासाठी उपयोगी असते, प्रत्यक्ष कार्यक्रमात नव्हे. आमच्या मिक्सरवर ती नाही, याची खात्री मी नकाशावरून आणि प्रत्यक्ष दाबून अशी दोन्हीकडून करून घेतली.

हेडफोनवर मी स्वतःचे पैसे खर्च केले आणि तो खर्च सार्थकी लागला. कान पूर्ण झाकणारे, बंद कपांचे हेडफोन नसतील तर सभागृहातला आवाज आत शिरतो आणि आपण नकळत नॉब वाढवत राहतो. कान ही या कामातली एकमेव न बदलता येणारी वस्तू आहे. अमेरिकेतील नायोश या संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबल पातळीला दिवसात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. तालमीत मी दर अर्ध्या तासाने हेडफोन काढून ठेवत असे. शिवाय फार हळू ऐकताना खालचे स्वर कमी आणि फार मोठ्याने ऐकताना ते भरपूर वाटतात, त्यामुळे ढोलाचा किंवा बेसचा भरीवपणा हेडफोनवरून ठरवू नये. त्यासाठी उठून सभागृहाच्या मध्यभागी जाऊन उभे राहावे.

मॉनिटरिंगचे दुसरे काम म्हणजे कलाकारांना ऐकवणे, आणि माझ्या मते संपूर्ण मिक्सरवरचे हे सर्वांत अवघड काम आहे. गायिकेला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही, तर ती जोर लावते, सूर चढतो, गळा लवकर थकतो; मग सभागृहातला समतोल कितीही सुंदर असला तरी गाणे सुंदर होत नाही. वेजसाठी ऑक्स वापरताना ते फेडरच्या आधी, म्हणजे प्रीवर ठेवायचे. कारण श्रोत्यांसाठी मी फेडर वर-खाली करत राहणार, आणि त्या प्रत्येक हालचालीने मंचावरचे ऐकणे बदलले तर गाणाऱ्याला पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटते. गेन मात्र फेडर आणि ऑक्स या दोघांच्याही आधी असतो. चाचणी संपल्यावर गेनला हात लावला तर सभागृह आणि सगळे वेज एकदम बदलतात. म्हणून साउंड चेकनंतर मी गेनच्या ओळीवर कागदी चिकटपट्टी लावून टाकली.

चारही वेजची जागा तंत्रज्ञांनी माइकचा प्रकार पाहून ठरवली. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने, बरोबर १८० अंशांवर सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा वेज गायिकेच्या समोर, माइकच्या थेट पाठीमागे. सुपरकार्डिऑइड माइकची बहिरी जागा साधारण १२६ अंशांवर असते, तेव्हा वेज थोडा बाजूला सरकवायचा. हा एवढा बदल केल्यावर त्याच ऑक्सवर शिट्टी (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक) वाजण्याआधी आवाज वाढवायला बरीच जास्त जागा मिळाली, आणि ती कोणत्याही नॉबने मिळाली नसती. गायकाने माइक २० सेंटिमीटरऐवजी १० सेंटिमीटरवर धरला, तर साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, तर शिट्टीपूर्वीची जागा सुमारे ३ डेसिबलने घटते. म्हणून ज्या गाण्यात समूह नाही, त्या गाण्यात समूहाचे माइक म्यूट, असा नियमच मी गाण्यांच्या यादीत लिहून ठेवला.

मग वेजमधली शिट्टी शोधून काढण्याचा सोपस्कार झाला. सभागृह रिकामे, माइक उघडे, ऑक्स मास्टर अगदी हळू वर. एका टप्प्याला कुठलातरी स्वर लांबू लागतो. त्या क्षणी माझ्या हाताला घाम सुटला होता, कारण पुढचा केसभर फिरवणेसुद्धा कर्कश किंकाळी ठरू शकते. ऑक्सच्या वाटेवर ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर होता, म्हणजे खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंतचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारे उपकरण. लांबणारा स्वर ओळखून ती पट्टी ३ डेसिबलने खाली घ्यायची आणि पुन्हा ऑक्स वाढवायचा. कुठली पट्टी ते कानाला पटकन कळत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात मी घरी २५०, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे स्वर ऐकून त्यांची ओळख करून घेतली होती. २५०च्या आसपास खोल घुमल्यासारखे, हजारच्या आसपास कुणी नाकातून ओरडल्यासारखे, तीन हजारांच्या वर टोकदार शिट्टी. तीन-चार पट्ट्या खाली घेतल्यावर थांबायचे, कारण त्यापुढे आवाजच पातळ होत जातो आणि मग गायिका पुन्हा जास्त लेव्हल मागते.

"मला माझाच आवाज ऐकू येत नाही," असे तालमीत मुख्य गायिकेने सांगितले, तेव्हा तिच्या वेजमध्ये तिचा आवाज भरपूर होता. पण त्यात कीबोर्ड आणि ठेकाही तेवढेच भरपूर होते. मी तिचा ऑक्स तसाच ठेवून कीबोर्ड आणि ठेका कमी केले. "आता बरोबर आहे, असेच राहू द्या," असे ती म्हणाली. वेजमधली मागणी बहुतेक वेळा काहीतरी कमी करून पूर्ण होते, आणि तसे केल्याने मंचावरचा एकूण गोंगाटही आटोक्यात राहतो.

इफेक्ट्स (आवाजात घालायचा घुमारा, प्रतिध्वनी वगैरे) मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, आणि त्यांची गोडी लागल्यावर त्यांनाच सर्वांत जास्त वेळ दिला. मिक्सरमध्येच इफेक्ट्सचा प्रोसेसर होता. प्रत्येक चॅनेलवरचा इफेक्ट्सचा नॉब म्हणजे एक ऑक्सच असतो; फक्त तो फेडरनंतर, म्हणजे पोस्टवर असतो. पहिला प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो. हा सेंड (प्रोसेसरकडे आवाज पाठवणारी वाट) प्री असता तर फेडर खाली केल्यावर मूळ आवाज गेला असता आणि त्याची नुसती घुमणारी छाया सभागृहात तरंगत राहिली असती. पोस्ट असल्यामुळे आवाज आणि त्याचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, हातात हात घालून वर-खाली होतात. सेंडमधून गेलेला आवाज प्रोसेसरमधून रिटर्न फेडरवर येतो आणि तिथून मेनमध्ये मिसळतो. बाहेरचा प्रोसेसर जोडला असेल तर त्याचा मिश्रणाचा नॉब पूर्ण इफेक्टवर ठेवायचा, कारण मूळ आवाज चॅनेलमधून आधीच मेनला पोहोचलेला असतो. आणि रिटर्न एखाद्या साध्या चॅनेलवर घेतला असेल, तर त्या चॅनेलचा इफेक्ट्सचा नॉब कायम शून्यावर असलाच पाहिजे. नाहीतर प्रोसेसरचा आवाज पुन्हा प्रोसेसरमध्येच शिरतो आणि वाढत वाढत आरडाओरडा होतो.

रिव्हर्बच्या यादीत हॉल, रूम, प्लेट अशी नावे होती. प्लेट हे नाव खरोखरच्या धातूच्या पत्र्यावरून आले आहे : जर्मनीत १९५७ मध्ये आलेल्या ईएमटी १४० या अवजड उपकरणात ताणून बसवलेला पोलादी पत्रा थरथरवून घुमारा तयार करत. आवाजासाठी मला प्लेटच सर्वांत आवडला, कारण तो शब्दांना चिकटून राहतो. रिव्हर्बचा काळ म्हणजे घुमारा ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. संथ गाण्यांना मी सुमारे दोन सेकंद आणि जलद गाण्यांना एक सेकंदाच्या जवळपास ठेवला. परंतु त्याआधी रिकाम्या सभागृहात टाळी वाजवून ऐकली. त्या जागेचा स्वतःचा घुमारा भरपूर असेल तर वर आणखी घालायचे कारण उरत नाही. मूळ आवाज आणि घुमारा यांच्यात ३० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर ठेवले, तेव्हा गाण्याचे शब्द एकदम मोकळे झाले. किती घालायचे ते ठरवण्यासाठी मी रिटर्न बंद करून आणि चालू करून पाहत असे : चालू असताना तो वेगळा लक्षात येऊ नये, बंद केल्यावर मात्र आवाज उघडा पडल्यासारखा वाटावा.

इको, म्हणजे डिले, ठेक्याला जुळला तरच कानाला गोड लागतो. हिशेब सोपा आहे : ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागायचे, की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला ८० मात्रांच्या गाण्याला ७५०, आणि अर्ध्या मात्रेला ३७५. आमच्या मिक्सरवर टॅपचे बटण होते; ठेक्याबरोबर ते दाबत राहिले की हाच हिशेब प्रोसेसर स्वतः करतो.

इफेक्ट्सचे म्यूट बटण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त लागले. निवेदक बोलू लागले की रिव्हर्ब बंद, हे तर सगळेच सांगतात. पण बंद कुठे करायचा? रिटर्न म्यूट केला तर घुमारा कात्रीने कापल्यासारखा मध्येच तुटतो. शिवाय गायिका त्याच माइकवरून दोन शब्द बोलत असेल, तर ते प्रोसेसरमध्ये जातच राहतात आणि रिटर्न उघडताच त्यांचे शेपूट गाण्याच्या सुरुवातीवर येऊन पडते. सेंडच्या बाजूने म्यूट केले, तर नवीन काही आत जात नाही आणि शेवटच्या स्वराचा घुमारा आपल्या गतीने विरतो. आमच्या मिक्सरवरचे बटण सेंड बंद करणारे होते, आणि त्याला पायाने दाबायचे स्विचही जोडता येत होते, त्यामुळे दोन्ही हात फेडरवर राहिले. आपल्या मिक्सरवरचे बटण कोणत्या बाजूला आहे, हे नकाशात दोन मिनिटांत दिसते.

तंत्रज्ञांनी सही केली, कार्यालयाने परवानगीपत्र दिले आणि रंगीत तालीमही झाली. कार्यक्रमाच्या दिवशी बदलले ते एवढेच : माणसांनी भरलेले सभागृह ध्वनी शोषून घेते, म्हणून तालमीत पुरेसा वाटलेला रिव्हर्ब थोडा वाढवावा लागला आणि मेनही किंचित वर न्यावा लागला. पहिल्या गाण्याचे पहिले कडवे संपेपर्यंत मी वेजच्या ऑक्सना हात लावला नाही. गायिका माझ्याकडे न पाहता गात होती, यावरून तिला ऐकू येत आहे हे कळले, आणि खांद्यावरचा ताण तेव्हा उतरला.

ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्ड आउटची पिन होती, परंतु तिच्यात मेन मिक्सच जाते. मंचावर मुळातच मोठ्याने वाजणारे तालवाद्य मेनमध्ये कमी घालावे लागते, आणि मग मुद्रणात ते हरवून जाते. त्यामुळे रिकामा असलेला एक ऑक्स पोस्टवर घेऊन रेकॉर्डरसाठी वेगळा समतोल लावला, आणि इफेक्ट्सचा थोडा रिटर्नही त्यात सोडला. डिजिटल रेकॉर्डरवर शून्य ही शेवटची मर्यादा असते, मिक्सरच्या मीटरसारखी कामाची पातळी नसते. म्हणून सर्वांत मोठ्या स्वरालाही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवले.

शेवटी स्पीकर आधी बंद, मग मिक्सर. सगळे फेडर खाली, ऑक्स शून्यावर, फँटम बंद, इक्वलायझर मूळ जागी, असे करून देणे परवानगीच्या अटींतच होते, म्हणून त्याआधी मी मिक्सरच्या प्रत्येक भागाची छायाचित्रे काढून घेतली आणि वेजच्या पट्ट्यांचे आकडे लिहून ठेवले. तंत्रज्ञांनी माइक आणि केबल मोजून यादीवर सही केली. ती यादी कार्यालयात दिल्यानंतर काही आठवड्यांनी अनामत रक्कम परत आली. सही केलेल्या यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण रक्कम परत देताना आमच्याकडे तिचीच मागणी झाली.